वयनी, तुझा डाव मी फोडला

वयनी, तुझ्या दिवसकार्याला आलेल्या बाया ओसरीवर बसल्या होत्या. कुणी तुझ्या हातच्या वांग्यांचं बोलत होती, कुणी तुझ्या हसण्याचं. मी खांबाला टेकून ऐकत होतो. तेवढ्यात वरल्या आळीची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "मोठी डावपेची होती वो बिचारी." वाईट मनानं म्हणाली नाही, कौतुकच होतं त्यात. बाकीच्यांनीही माना हलवल्या. मला मात्र तिथं बसवेना. उठलो आणि मळ्यात येऊन, मोटेचे बैल चालतात त्या धावेवर बसलो.

हा शब्द तुला पहिल्यांदा मी लावला. गावानं तो माझ्याकडून उचलला. गावानं कौतुकानं उचलला असेल, मी मात्र शिवी म्हणून टाकला होता, तुझ्या तोंडावर, तुझ्याच अंगणात.

मला आई आठवत नाही, तू आठवतेस. अचलपूरहून तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी दादाच्या कमरेएवढा असेन. दादाचं लग्न झालं आणि मला आई मिळाली, असं लोक म्हणायचे. तुला ते आवडायचं नाही. म्हणायचीस, "माय कायची? वयनी हाये मी. मायनं मारलं तं लेकरू रडते, वयनीनं मारलं तं दीर चिडवते." तुझे वडील वस्ताद. त्यांच्या आखाड्यात बायकामुलींना पाय टाकायला मनाई, पण घराची मागची भिंत तुराट्यांची होती, आणि त्या भिंतीला तू एक फट पाडून ठेवली होतीस. लहानपणी सगळं त्या फटीतून पाहिलंस. कोण कुणाला कसा उचलतो, कोण कुठं चुकतो, आणि तुझे वडील कोणाच्या पाठीवर थाप मारतात.

पाटलाचा पुतण्या मला नदीवर रोज बुडवायचा. मी रडत घरी आलो, तर तू पाटलाकडे तक्रार घेऊन गेली नाहीस. गोठ्यामागं नेलंस, सरकीचं पोतं उभं केलंस, आणि पदर खोचून म्हणालीस, "हे पोतं म्हंजे तो. वजनानं तुया दीडपट. त्याच्या अंगावर गेला तं तू मेला. तो येईन तवा बाजूले सरक अन् मान धर." मी सरकलो आणि पोत्यासकट शेणात पडलो. तू पदर तोंडात कोंबून हसत राहिलीस. पुढं कधीतरी तो पुतण्या वाळूत तोंडावर पडला. मी धावत आलो, पण खुशीत नव्हतो. विचारलं, "वयनी, ही लबाडी तं नाई झाली?"

तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तू कुठं उभा हायेस ते त्याले दिसून राहिलं होतं ना? मंग कायची लबाडी?"

घरातही तुझं तेच. दादाला केळी लावायच्या नव्हत्या. तू म्हणालीस, "जाऊ द्या, केळी आपल्याले नाई जमत. ते तिकडच्या लोकायचं काम." दुसऱ्या दिवशी दादा सकाळीच कुदळ घेऊन केळीसाठी खड्डे खणत होता. त्याला कळत नव्हतं असं नाही. खणता खणता तो मिशीत हसत होता, आणि तू मोटेवरून त्याच्याकडं बघत नव्हतीस, मुद्दाम.

मग साता समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई लागली आणि आमच्या वऱ्हाडातला कापूस सोन्यासारखा झाला. ज्याला त्याला कपाशीचं वेड लागलं. लोकांनी ज्वारी मोडली, मिरची उपटली, दारापुढचा वाल उपटला. अमरावतीकडून अकोल्याकडं जाणारी गाडीवाट दिवसभर धुरळ्यानं पांढरी असायची. मीही मळा सोडला आणि अकोल्याला एका शेठच्या वखारीत कापूस तोलणारा तोलारी झालो. तू जा म्हणालीस, अडवलं नाहीस. नवं धोतर दिलंस.

वखारीत माझे डोळे फाटले. दोन दलाल रुमालाखाली हात घालून बसत, बोटांनीच भाव ठरे, आणि आजूबाजूच्या शंभर माणसांना पत्ता लागत नसे. घरी आलो की मी ते तुला करून दाखवायचो. तुझ्या पदराखाली तुझी बोटं दाबायचो आणि म्हणायचो, "याला डावपेच म्हणतात, वयनी. मोठमोठे लोक असे डावपेच लढवतात."

"रुमालाखाली?"

"रुमालाखाली."

"अन् ज्याचा कापूस हाये, त्याले दिसते?"

"त्याला कसं दिसेल? तीच तर गंमत."

तू हात काढून घेतलास. "मंग तो डाव नाई. डाव उघड्यावर असते. समोरच्याले त्याची तोड करता आली पायजे. त्याले नाई जमली तं तो त्याचा दोष. पन ज्याले दिसतच नाई, त्याच्यावर कायचा डाव? ते तं पाठीत मारनं."

मी म्हणालो, लोक ज्याला डावपेच म्हणतात ते डावपेच. शब्द लोकांचा असतो, तुझ्या बापाच्या आखाड्याचा नाही. तू म्हणालीस, "लोकं वापरून वापरून मळवते शब्दाले. धुवाव लागते कदी कदी." तो वाद तिथं मिटला नाही. मी घरी आलो की त्याला नव्यानं तोंड फुटायचं. मला त्यात मजा वाटायची. पुढं त्यावर काही येऊन पडणार आहे हे मला कुठं ठाऊक होतं?

आमच्या भागात जमिनीखालचं पाणी खारं. पूर्णेच्या अंगाला तर विहीर खणली की मिठाचंच पाणी लागतं. आपली एक विहीर तेवढी गोडी. उन्हाळ्यात अख्खं गाव तिच्यावर जगतं. शेठला ती हवी झाली. गाडीवाटेला लागून मळा, मळ्यात गोडं पाणी. तिथं त्याच्या गाड्यांचा पडाव टाकायचा, बैलांना पाणी पाजायचं, रात्री मुक्काम करायचा. त्यानं मुनीम पाठवला. मुनीम गोड बोलला. विहिरीला दगडी कठडा बांधून देऊ, हौद बांधू, बैलांचं शेण तुमच्याच मळ्याला.

तू त्याला जेवायला घातलंस. हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. आधी देवीच्या नवसाचं कारण निघालं. मग दादाच्या मावसबहिणीचं लग्न. मुनीम येत राहिला, जेवत राहिला, जात राहिला.

होळीला मी घरी आलो तेव्हा वैतागलो. शेठ मला रोज विचारायचा. मी म्हणालो, "वयनी, नसेल द्यायची तर सरळ नाही म्हण ना. हे काय चालवलंस?"

तू मिरच्या वेचत होतीस. म्हणालीस, "मी नाई म्हनलं तं शेठ पाटलाकडे जाईन. पाटील तुया दादाले चावडीवर बोलावीन. अन् चावडीवर तुया दादा कदी कोनाले नाई म्हनला हाये का?"

दादा घरात वाघ, चावडीवर गाय.

"पानी पडेपर्यंत लोटायचं," तू पुढं म्हणालीस. "एकदा काळी माती भिजली का गाड्या बंद. अन् आगगाडीचा भराव कुठपर्यंत आला पाह्यलास ना? पुढच्या सालाले कापूस आगगाडीनं जाईन म्हनते. मंग कोनाले पायजे माही इहीर? मले फकत एवढा उन्हाळा काढाचा हाये."

शेठच्या वखारीत एवढी शहाणी माणसं होती, पण कापूस चढणार की उतरणार यापलीकडं कुणी बघत नव्हतं. तू मिरच्या वेचता वेचता सगळा उन्हाळा आखून ठेवला होतास.

मी पुढच्या वेळी आलो तेव्हा मुनीमही त्याच दिवशी आला. भर उन्हातून आला होता, घामानं चिंब, चिडलेला. आज विहीर बघूनच जाणार म्हणाला. तू आत गेलीस. मी दारात होतो, म्हणून मला दिसलं. गडव्यात पाणी ओतलंस, मग मिठाच्या मडक्यात हात घातलास. मी बघतोय हे तुला कळलं. तू थांबली नाहीस.

मुनीमानं घोट घेतला आणि अंगणात थुंकला. "अरे बाप्पा! हेही खारंच?"

"उन्हाळ्यात उतरते जी पानी," तू म्हणालीस. डोक्यावरचा पदर नीट केलास.

तो गेला. आणि मी तुझ्यावर तुटून पडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण शेवटचं आठवतं. "तू डावपेची बाई आहेस, वयनी. माझी लाज घालवलीस. मी त्यांच्या हाताखाली काम करतो, आणि माझ्याच घरात त्यांना फसवतेस?" भिंतीपलीकडं शेजारीण उभी होती. तिथूनच तो शब्द गावात गेला.

तुझा चेहरा लाल झाला. पण आवाज चढवला नाहीस. "फसवलं कसं? इहीर अंगनापासून दिसून राहिली. पोहरा तिथंच हाये. त्याच्या जागी मी असती तं सोता काढून पाह्यलं असतं पानी. त्यानं काहून नाई काढलं? घाई होती त्याले. उन्हात चार पावलं चालाचा आळस आला. ती त्याची चूक, महादू. मी तोड ठेवली होती त्याच्यासाठी, त्यानं केली नाई."

"मीठ टाकलं ते टाकलंच."

"टाकलं. माया चौपट वजनाचा गडी हाये तो. जोडीचा असता तं मी सरळ बोलली असती."

"खरं ते खरं," मी म्हणालो.

"मंग जाय, सांग त्याले," तू म्हणालीस, आणि गोठ्यात निघून गेलीस.

तू ते रागानं म्हणालीस. तो राग मला ऐकू आला नाही असं नाही. पण मनातल्या मनात मी कितीदा म्हटलं आहे, की बघ, तिनंच सांगितलं होतं. एवढा हलका झालो होतो मी.

अकोल्याला शेठ गादीवर बसला होता. मुनीम सांगत होता, ती विहीरही खारी निघाली, आता पलीकडच्या गावात बघावं लागेल. शेठनं सहज माझ्याकडं मान वळवली. "काय रे, तुमच्याच घरची ना ती? खारी झाली म्हणे."

मी गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. हातातला तराजू ठीक करत राहिलो असतो तर त्यानं दुसऱ्यांदा विचारलंही नसतं. पण सगळे माझ्याकडं बघत होते, आणि माझ्या छातीत ते खरं बोलणं नवीन पागोट्यासारखं डोलत होतं. मी म्हणालो, "नाही शेठजी. गोडी आहे. अख्खं गाव पितं."

मुनीमाचं तोंड पडलं. शेठ मात्र हसला. चिडला असता तर बरं झालं असतं. "तुझी वहिनी हुशार दिसते," म्हणाला. आणि मला म्हणाला, "तू खरा माणूस. उद्यापासून मुनीमाशेजारी बस."

वयनी, मला आनंद झाला. आज लपवत नाही. त्या दिवशी मी बाजारातून तुझ्यासाठी बांगड्या घेतल्या. कुठल्या तोंडानं घेतल्या, ठाऊक नाही.

पाटलाचं बोलावणं आलं आणि चावडीवर दादानं होकाराची मान हलवली. पडाव पडला. मी घरी आलो तेव्हा मळा ओळखू येत नव्हता. गाड्यांच्या रांगा, बैलांच्या घुंगरांचा आवाज, चुलींचा धूर. मोट पहाटेपासून चालायची ती बैलांसाठी. वांगी माना टाकून उभी होती. केळीची पानं फाटून खाली लोंबत होती. गावातल्या बायका घागरी घेऊन बैलांच्या मागं थांबल्या होत्या.

तू धावेजवळ उभी होतीस. मी बांगड्यांची पुडी पुढं केली. तू घेतलीस, पदराला बांधलीस आणि म्हणालीस, "जाय, तुया खऱ्याले पानी पाजून ये."

एवढंच. पुढं कधी त्यावर एक शब्द बोलली नाहीस. मी वाट बघत होतो. वाटायचं, एकदा शिव्या दे, काठी घे. तू मात्र कामाला लागलीस. गाडीवानांना टोपलीभर मिरच्या देऊन, त्यांची सुखदुःखं विचारून, एवढं कबूल करून घेतलंस की सकाळी आधी बायकांच्या घागरी भरतील आणि मग बैल. त्यांच्यातला एक म्हातारा तर तुला माय म्हणायला लागला. हरलेल्या कुस्तीतही तू हात शोधत होतीस.

मग पडावात पटकी आली, तेव्हा मी घरीच आलेलो होतो. भंडाऱ्याकडचा एक गाडीवान आजारी पडला. त्याच्या सोबत्यांनी त्याला बाभळीखाली ठेवलं, गाड्या जुंपल्या आणि निघून गेले. कुणी जवळ जाईना. तू पेजेचं भांडं घेऊन निघालीस. दादा आडवा आला. मीही आलो. "वयनी, तुझा काय संबंध?"

"माया इहिरीवर आला हाये तो," तू म्हणालीस. "पानी मागून राहिला. सरका."

मी सरकलो. तुला अडवणं मला जमलं नाही, आणि तुझ्याबरोबर जाणंही जमलं नाही. लांब उभा राहून बघत होतो, तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पेज पाजत होतीस.

तो वाचला. त्याचे गाववाले परत येऊन त्याला घेऊन गेले. जाताना तुझं घर विचारत आला होता, पण तोवर तुलाही पटकी लागून तू बाजेवर होतीस.

निंबाखाली तुझी बाज टाकली होती. तुझे डोळे खोल गेले होते, आवाज उरला नव्हता. मी उशाशी बसलो होतो आणि मनात एकच घोळत होतं, आता म्हणावं, तू बरोबर होतीस, मी चुकलो. ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात तूच बोललीस.

"महादू, त्यानं दुसरा गडवा मागितला असता तं?"

मला कळलं नाही. तू पुन्हा म्हणालीस, "मुनीमानं. पोहऱ्यानं काढून मागितला असता तं मी काय केलं असतं? सांग."

"बोलू नकोस वयनी."

"नाई, सांग. कच्चा होता माया डाव. काय कराले पायजे होतं?"

तू तुझ्याच डावातली चूक शोधत होतीस. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. तुझ्या मोजणीत मी आलोच नव्हतो. घरचं माणूस कुणी हिशेबात धरतं का? आणि मी, जो एवढे दिवस तुझ्याशी त्या शब्दावरून भांडत होतो, मला एक उत्तर सुचलं नाही. चुकलो, एवढंही म्हणता आलं नाही. मी तुझ्या ओठांना ओला बोळा लावत राहिलो.

दादा मला काही बोलत नाही. मी एकदा त्याच्या पायाशी बसून रडलो, तर म्हणाला, "तू खरंच बोलला ना? मंग?" त्यानं ते मला धीर द्यायला म्हटलं. ते वाक्य माझ्या छातीवर दगडासारखं आहे. मी वखारीत परत गेलो नाही. शेठनं निरोप पाठवला होता, मी उत्तर दिलं नाही. पण खरं सांगतो, मी चिडून सोडलेलं नाही. तिथं जाऊन कुणी काही विचारलं तर मी काय बोलेन, याची मला भीती वाटते.

तेराव्याला अचलपूरहून तुझे वडील आले. एवढे धिप्पाड होते म्हणायचीस, आता वाळून गेले आहेत. ते काही जेवले नाहीत. मला म्हणाले, "चाल, दाखव." मी त्यांना मळ्यात नेलं, विहीर दाखवली, ती बाजेची निंबाखालची जागा दाखवली. मग मी सगळं सांगितलं. मीठ, मुनीम, शेठ, माझं उत्तर. मला वाटलं होतं ते मारतील. त्यांनी मारावं म्हणूनच सांगितलं.

त्यांनी वाकून विहिरीत बघितलं. मग विचारलं, "अखेरीले कशी होती? पाठ टेकली होती तिची?"

आखाड्यात पाठ टेकली तो हरला. वयनी, तू पाठीवरच होतीस. तुला कूस वळायची ताकद नव्हती. आम्हीच तुला सरळ केलं होतं. हे मला जसं माहीत आहे तसं दुसऱ्या कुणाला नाही.

मी म्हणालो, "नाई बाबा. कुशीवर होती. हात टेकून उठाच्या बेतात होती."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. सारं आयुष्य माणसांच्या खांद्यांकडं आणि पायांकडं बघत आलेला माणूस तो. त्याच्यापुढं मी उघडाच होतो.

"खोटं बोलून राहिला तू," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

त्यांनी हात माझ्या खांद्यावर ठेवला, जड, तालमीत ठेवतात तसा. "बोल," म्हणाले. "आनखी एकदा बोल."

मी पुन्हा सांगितलं.